टाकी रिकामी करण्याची हौस

आमच्या इमारतीच्या अध्यक्षांना मी अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. लोक म्हणतात, अहो, झालं गेलं गंगेला मिळालं. मिळालं असेल. जाताना ते आमच्या मागच्या अंगणातून गेलं, एवढंच माझं म्हणणं आहे.

सदाशिव पेठेतल्या चार मजली इमारतीत तळमजल्यावर आम्ही दोघी राहतो, आई आणि मी. गच्चीवर सगळ्यांच्या सामाईक सोलरची मोठी टाकी आहे. बोअरच्या पाण्यामुळे तिच्यात क्षार साचतात, म्हणून वर्षातून एकदा ती रिकामी करून धुवावी लागते. पूर्वी हे काम आमचा प्लंबर करायचा. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या आणि टाकीत नवं गार पाणी भरलं, की तो खालचा कॉक उघडायचा. त्याआधी जिन्यातून एक आरोळी ठोकायचा, "पाणी सोडतोय होऽऽ!" ती ऐकली की आम्ही अंगणातल्या चपला, पायपुसणी उचलून घ्यायचो. त्या आरोळीला कोणी पद्धत म्हणत नव्हतं, पण पद्धत होतीच.

मग हे गृहस्थ अध्यक्ष झाले. हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीत माणसं हाकण्यात आयुष्य गेलेलं. आता हाकायला माणसं उरली नाहीत म्हणून यंत्रांच्या मागे लागले. रोज कुरिअरवाला यांच्या दारात. पितळेचा नवा ड्रेन कॉक आला, त्याला बसणारं नोझल आलं, एका टिचकीत जोडले जाणारे जोड आले. शेवटी ड्रिल मशीनला लावायचा इवलासा पंप आला. तो लावला की टाकी झटक्यात रिकामी होते, असं त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओसकट जाहीर केलं. प्लंबरला नारळ मिळाला.

मी ग्रुपवर साधा प्रश्न विचारला, "गच्चीवरचं पाणी खाली यायला पंप कशाला? इतकी वर्षं ते आपलं आपण येत होतं." चारदोन जणांनी हसरे चेहरे टाकले. संध्याकाळी पाहते तर मी ग्रुपवर नाहीच. जिन्यात गाठून विचारलं, तेव्हा म्हणाले, "आपला सूर ग्रुपच्या शिस्तीला धरून नाही, ताई." मी म्हटलं, "बरं झालं, सकाळी सकाळी तुमची सुप्रभातची फुलं तरी दिसणार नाहीत." त्यांना राग आला. मला आनंद झाला.

आईला मधुमेह आहे, पुष्कळ वर्षांचा. तिच्या पायांना संवेदना नाही. टाचणी टोचली तरी कळत नाही. म्हणून रोज रात्री मी तिचे तळवे दिव्याखाली धरून बघते, कुठे खरचटलं, कुठे फोड आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय जपा, एकदा जखम झाली तर भरणार नाही. आमच्या घरात देवापेक्षा आईच्या पायांची काळजी जास्त घेतली जायची, असं म्हटलं तरी चालेल.

थंडीचे दिवस होते. दोन इमारतींच्या मधून आमच्या अंगणात जेमतेम दुपारी ऊन उतरतं आणि तेही एकाच कोपऱ्यात, पावसाच्या पाण्याचा पाइप गच्चीवरून जिथे खाली येतो तिथे. आई तिथे खुर्ची टाकून बसली होती. चपला काढून ऊन घेत होती आणि मांडीवर ताट ठेवून मटार सोलत होती. मी आत पोळ्या लाटत होते.

वर अध्यक्षांनी त्यांचा पंप लावला. ऐन दुपारी, टाकीतलं पाणी तापून उकळायच्या बेतात असताना. गरम पाण्याबरोबर क्षार सुटून येतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पंपाची नळी त्यांनी पावसाच्या पाइपात खुपसली. आरोळी वगैरे मागासलेपणा त्यांना मान्य नव्हता. त्यांनी ग्रुपवर मेसेज टाकला, तळमजल्यावरच्यांनी अंगणात थांबू नये. तळमजल्यावर राहणारं एकच घर, आमचं. आणि ग्रुपवर नसलेलंही एकच घर, आमचंच.

मला नुसता पाण्याचा आवाज आला. वाटलं, कोणीतरी गच्ची धुतंय. आईचं जेवण झालं की गोळ्या द्यायच्या, म्हणून तिला बोलवायला बाहेर आले आणि अंगणात पाऊल टाकताच किंचाळले. पाय पोळला होता. अंगणातल्या मोरीच्या जाळीत पानं अडकून पाणी घोटाभर साचलं होतं. त्या पाण्यात पाय सोडून आई बसली होती. लुगडं भिजू नये म्हणून तिने ते जरा वर खोचून घेतलं होतं आणि ती मटार सोलत होती.

माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं, काय झालं?"

तिला उचलून आत आणलं तेव्हा पायाची कातडी माझ्या हाताला लागून आली. पुढचं मी इथे लिहीत नाही. दवाखाना, ड्रेसिंग, साखर वाढणं, पुन्हा दवाखाना. शेवटी उजव्या पायाची बोटं काढावी लागली. आई आता खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत एवढंच करते, तेही मी धरलं तर.

घरी आणल्यावर अध्यक्ष भेटायला आले, सफरचंदं घेऊन. मी दारात उभी राहिले, पण आईने आतून "या, बसा" म्हटलं, म्हणून वाट दिली. आमच्या आईने शत्रूलाही उभं ठेवलेलं नाही. ते बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मी मेसेज टाकला होता, काकू. टायमिंगसकट." मी काही बोलणार, तेवढ्यात पुढचं बोलले, "एक मात्र नशीब समजा. तुम्हाला दुखलं नाही."

मला वाटलं, आता पोळपाट यांच्या डोक्यात घालावा. पण आईच बोलली, अगदी शांतपणे.

"दुखलं असतं तर उठले असते हो मी."

त्यांनी सफरचंदांची पिशवी पलंगाशी सरकवली. मग उठून म्हणाले, "येतो, काकू."

येतो म्हटल्यावर "या" म्हणायचं असतं. घरातून कोणी निघालं तर "जा" म्हणू नये, हे मला आईनेच शिकवलं. लहानपणी चुकून म्हटलं तर तोंडावर चापट बसायची.

आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "जा."