झाकण उघडून केलेली पूजा

सोमनाथरावांनी माझ्या टेबलावर दोन कागद ठेवले. एक शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची नोटीस, दुसरं लॅमिनेट केलेलं ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट. मशीन त्यांचं, आणि कंपनी त्यांनाच म्हणत होती की बनवणं बंद करा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

मी पेटंट एजंट. नाशिकला गंगापूर रोडवर माझं ऑफिस आहे. सोमनाथरावांचं सिन्नरला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. गेट, ग्रिल, ट्रॉलीचं वेल्डिंग, असली कामं. पण डोकं तल्लख. कांदा काढला की वाळलेली पात कापावी लागते. बायका दिवसभर उकिडव्या बसून विळ्यानं कापतात, बोटं चिरतात. त्यांच्या बायकोची, मंगलताईंची, बोटं मी पाहिली आहेत. तिच्यासाठी ह्या माणसानं चार वर्षं खपून पात कापायचं मशीन केलं. दोन रोलर एकमेकांकडे फिरतात, पात खाली ओढतात, खालचं पातं ती कापतं. असं करायचा प्रयत्न आधीही झाला होता, पण कांदा सोलून निघायचा. ह्यांनी रोलर जरा तिरके बसवले. कांदा आपोआप फिरतो, सालाला धक्का लागत नाही. सगळी करामत त्या तिरकेपणात. मशीनचं नाव ठेवलं 'मंगल कटर'.

"नाव रजिस्टर हाय ना मॅडम," ते सर्टिफिकेटवर बोट ठेवून म्हणाले. "मग दुसरा कसा बनवतो?"

हा घोळ मी रोज ऐकते. ट्रेडमार्क म्हणजे दुकानावरची पाटी. तुमची पाटी दुसऱ्यानं लावायची नाही, एवढंच. आतला माल कसा बनतो, त्याचं संरक्षण वेगळं. त्याला पेटंट लागतं. कंपनीनं पाटी स्वतःची लावली होती आणि माल ह्यांचा उचलला होता. पेटंटचा अर्ज ह्यांनी केलाच नव्हता. 'रजिस्टर झालं' म्हटल्यावर त्यांना वाटलं, सगळंच झालं.

मी म्हटलं, ठीक आहे, अजून बघू. मशीन बाहेर कुणाला दाखवलंय का? त्यावर ते पहिल्यांदा हसले आणि खिशातून मोबाइल काढला. म्हणाले, पुरावा हाय की.

व्हिडिओ आदल्या दसऱ्याचा. वर्कशॉपमध्ये मांडव, झेंडूची तोरणं, मशीनला हार. सगळं गाव जमलेलं. सरपंचांनी नारळ फोडला. मग सोमनाथरावांनी मशीनचं झाकण उघडलं आणि मंगलताईंनी एकेका रोलरला, पात्याला हळद-कुंकू लावलं. कॅमेरा जवळ गेला. तिरकेपणा लख्ख दिसत होता. त्यानंतर कांदे घालून प्रात्यक्षिक. भाच्यानं त्याच संध्याकाळी ते यूट्यूबवर टाकलं होतं.

मी कपाळाला हात लावला.

पेटंटचा नियम साधा आहे आणि निर्दयी आहे. अर्ज करायच्या आधी वस्तू जगाला दाखवली, की ती नवी राहत नाही. चोरानं दाखवली तर वाद घालता येतो. मालकानं स्वतः हौसेनं दाखवली तर तेवढीही जागा नाही. काही ठरावीक सरकारी प्रदर्शनांना सवलत आहे. दसऱ्याच्या पूजेला नाही.

मी जरा चिडूनच विचारलं, झाकण उघडायची काय गरज होती?

मंगलताईही त्यांच्याबरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, पूजा झाकून कशी करायची? हळद पात्यालाच लावावी लागती."

खरंच होतं ते. आपल्याकडे दसऱ्याला हत्यार म्यानातून काढूनच पुजतात. आणि पूजेला आलेल्या माणसाला कुणी हाकलत नाही. कंपनीचा डीलर त्या गर्दीत होता, आपट्याची पानं देऊन आणि पेढा खाऊन गेला होता. सोमनाथरावांनी त्याला हौसेनं मशीन चालवूनही दाखवलं होतं.

त्यांनी हळूच विचारलं, व्हिडिओ काढून टाकला तर? मी नाही म्हटलं. एक तर खोटं बोलून अर्ज करायचा नाही, माझ्या ऑफिसातून तर नाहीच. आणि गावभर फॉरवर्ड झालेलं पुसायचं तरी कुठून?

मग नोटिशीकडे वळलो. कंपनीनं तीत स्वतःच्या पेटंटच्या अर्जाचा दाखला दिला होता. अर्ज नुसता पेंडिंग असताना कुणाला थांबवता येत नाही. पण नोटीस पाठवायला कुणाची ना नसते. समोरचा घाबरला तर फुकटात काम होतं. पेटंट ऑफिसच्या साइटवर कंपनीचा अर्ज सापडला. दसऱ्यानंतर दोनतीन महिन्यांनी केलेला. चित्रात तेच तिरके रोलर. पेटंट मिळायच्या आधी कुणालाही अशा अर्जाला विरोध करता येतो. आमच्याकडे हत्यार एकच होतं, तो व्हिडिओ. तो दाखवला की कंपनीचं 'नवं' खोटं ठरणार होतं. मी सोमनाथरावांना स्पष्ट सांगितलं, ह्यानं त्यांना मिळणार नाही, पण तुम्हालाही मिळणार नाही. ते म्हणाले, त्यांना तरी नको मिळायला.

वर्ष उलटलं. सुनावणी झाली. अर्ज नामंजूर झाला. मी फोन केला तेव्हा मागे ग्राइंडर चालू होता. "म्हणजे जिंकलो ना आपण?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पण आता ते मशीन कुणाचंच नव्हतं, म्हणजे ज्याच्याकडे कारखाना मोठा त्याचं होतं. कंपनीनं ते सटाण्यापर्यंत दुकानादुकानात उभं केलं, तेही सोमनाथरावांना नुसता पत्राही येणार नाही अशा भावात. 'मंगल कटर' बंद झालं. नावाचं सर्टिफिकेट तेवढं शाबूत आहे. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. तो कुणावर काढायचा ते अजून कळलेलं नाही.

परवा ते पुन्हा आले, एक ॲग्रीमेंट घेऊन. कंपनीनं त्यांना सिन्नर तालुक्याचं सर्व्हिस सेंटर दिलंय. कंपनीची मशीनं बिघडली की हे दुरुस्त करणार. मी वाचत गेले आणि एका कलमाशी थांबले. काम करताना ते मशीनमध्ये जी सुधारणा शोधतील ती कंपनीच्या मालकीची. म्हटलं, सही करू नका.

"केली मॅडम. पोरांची शाळा हाय."

ओला कांदा रोलरमध्ये अडकतो, त्यावर त्यांना उपाय सुचला होता. तो सांगायलाच आले होते. मी कलम समजावून सांगितलं.

"मग आता डोकं चालवायचंच नाय का?"

मी म्हटलं, चालवा, पण चालवलंत तर ते त्यांचं.

त्यांनी उपाय मला सांगितला नाही. चहा अर्धा ठेवून उठले.

आता कुणी नवी वस्तू केलीय म्हणून आला, की खुर्चीवर बसायच्या आधी मी एकच विचारते, आणखी कुणाला दाखवलीय? बहुतेक जण अभिमानानं सांगतात, सगळ्यांना.