थोरल्या जावेची जागा

आमच्यात चर्चलासुद्धा देऊळच म्हणतात. त्या देवळाच्या आवारात माझ्या सासरची कबर आहे, काळ्या दगडाची, कितीतरी पिढ्यांची. झाकणाला लोखंडी कड्या. एकदा कुणाला आत ठेवलं आणि चुन्यानं सांधे भरले, की पुढचा पावसाळा सरेपर्यंत ते झाकण उघडायचं नाही, ही रीत. मधे कुणी गेलंच, तर कुंपणाकडच्या गावकीच्या जागेत.

माझी थोरली जाऊ विधवा, पोरबाळ नाही. नवरा तरणाच गेलेला, तो त्या कबरीत. ही दिवसभर मिठागरात राबायची, टाचा चिरलेल्या, आणि मागणं एकच, मेल्यावर त्याच्या शेजारी ठेवा. सासूबाई तिला जेवतानाही टोचायच्या, कूस रिकामी ती रिकामी, वर कबरीत जागा हवी.

पटकीच्या साथीत दोघी एकदमच आडव्या झाल्या. सासूबाई माजघरात, जाऊ मागच्या पडवीत. माजिवड्याहून आणलेल्या वैदूनं सासूबाईंची नाडी बघून मान हलवली. पडवीपर्यंत तो गेलाच नाही. मी जावेला पाणी पाजत होते, तेव्हा तिनं विचारलं, "मला त्यांच्याजवळ ठेवतील ना गं बाय?"

ठेवतील, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सकाळी ती गेली. पुरुषमाणसं ओटीवर बसली. हिच्यासाठी झाकण उघडावं, तर आज-उद्या जाणाऱ्या सासूबाई बाहेर राहणार. तेवढ्यात सासूबाईंनी आतून माझ्या नवऱ्याला हाक मारली. "तिला कुठंही पुरा. माझ्याआधी झाकण उचललंत तर माझा शाप लागेल."

कुंपणाकडे खाडीचं पाणी पाझरतं. खड्डा उपसत उपसत जावेला आत सोडली. माणसं घरी आली, तर सासूबाई उठून बसलेल्या. पेज मागत होत्या, सोबत भाजलेला बोंबील.

माझ्या लेकींची लग्नं बघून मग त्या गेल्या, बघा. दर पावसाळा सरला की मी नवऱ्याला म्हणायचे, आता तरी तिची हाडं आत नेऊ या. तो आईला विचारायचा. आई म्हणायची, मी आहे ना अजून. तोवर पुढच्या साथीत त्याच जागेत दुसरी माणसं पुरली. मग कुणाची हाडं कुठली, कोण सांगणार?

सासूबाईंसाठी झाकण निघालं, तेव्हा नवरा आत उतरला. वर येऊन अंगावरची माती झटकत म्हणाला, "दादाच्या शेजारी जागा आहे रिकामी. आई मावेल तिथं."

मावल्या.