गुडघेपिळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरला नाही. आणि ज्याच्या डोक्यावर खापर फुटलं, त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, पण कळवळून बिळवळून ऐकू नका. तसलं काही नाही यात.

आधी गुडघा. उजवा. नऊ वर्षं झाली. जिना चढताना गप्प असतो, उतरताना कटकट करतो — खरोखरची, शेजाऱ्याला ऐकू जाणारी कट-कट. कारेगावातली माझी खोली दुसऱ्या मजल्यावर; रोज खेकड्यासारखा आडवा उतरतो. कंपनीत शिफ्टभर उभं राहिलं की तो टम्म फुगतो. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही. हे दिसतं तरी. भीती कुठं दिसते? एकेकाळी सात जणांत घुसणारा मी आता ओल्या फरशीला भितो. माणसाची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. माझी होती नव्हती ती तिथूनच सांडली.

गावाला ठाऊक असलेली गोष्ट अशी. आमच्या घोडकाठच्या गावात यात्रेची कबड्डी. मी कप्तान. समोर दौंडकडचा संघ, आणि त्यात भानुदास — माझ्या बायकोचा, सुनीताचा, चुलतभाऊ. तिला सख्खा भाऊ नाही. राखी, भाऊबीज सगळं भानुदासलाच. आमच्या लग्नात कानपिळ्याही तोच. नवरदेवाचा कान पिळून कपडे उकळायचे, हा मेहुण्याचा मान. या पठ्ठ्यानं तो इतक्या मनापासून बजावला की लग्नाच्या अल्बममध्ये माझा एक कान आजही लाल आहे. तर पहिल्याच चढाईत भानुदासनं माझा घोटा धरला, मी कोसळलो, लिगामेंट तुटलं. असं गाव म्हणतं.

आणि खरं?

खरं त्याच दिवशी सकाळी घडलं होतं. फ्लेक्सवर माझा फोटो लागला होता — डोक्यात हवा जायला तेवढं पुरे. ग्रुपवर टाकायला व्हिडिओ हवा म्हणून मी मोबाइल विटेला टेकवून ठेवला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलो. अकरा सेकंदांचा व्हिडिओ आहे. मी दंड थोपटतो, शड्डू ठोकतो, उडी मारतो आणि खाली येतो तो थेट ‘आई गं’ म्हणतच. गुडघ्यात काहीतरी ओल्या फांदीसारखं मोडलं. बघायला एक शेळी होती. कप्तान ट्रॉलीवरून पडला, हे कुणी सांगायचं? वर पट्टी आवळली, त्यावर पॅंट चढवली आणि उतरलो मैदानात.

भानुदासचा हात घोट्याला लागला न लागला, तोच मी मातीत. लोक धावले. अशा वेळी शहाणा माणूस विव्हळतो. मला विनोद सुचला!

“लग्नात कान पिळला, आन् आज गुडघा पिळला की रं मेव्हण्यानं!”

काय हसले लोक! मग कुणीतरी हसता हसता थांबलं. “व्हय, मुद्दामच पिळला त्यानं.” अंधार पडायच्या आत भानुदासचं नाव ‘गुडघेपिळ्या’ पडलं होतं.

तो माझ्या शेजारी मातीत बसला होता. “दाजी, आईशप्पत, म्या नुसता हात लावला. तुम्ही तरी सांगा ह्यास्नी.”

मी डोळे मिटले. दुखत होतं म्हणून? दुखत तर होतंच. पण मिटले ते त्यासाठी नव्हे.

त्याला संघानं काढलं. सुनीतानं त्याच्याशी बोलणं सोडलं. नवऱ्याचा पाय मोडणारा कसला भाऊ? तेव्हापासून दर भाऊबीजेला ती ताट घेऊन गच्चीवर जाते आणि चंद्राला ओवाळते, भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तशी. मी खाली पाय लांब करून तिच्या हातची करंजी खातो.

आणखी एक. गेल्या उन्हाळ्यात कासुर्डीला लग्न होतं. पंगत बसली, कुणीतरी ओरडलं, “दाजींना खुर्ची आणा!” प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला तो भानुदास. फडक्यानं पुसली. “बसा दाजी. जपून.” एवढंच.

मी बसलो. जेवलो. जिलबी दोनदा घेतली.

तेव्हा पोरसवदा होतो, असं म्हणू? चौतीस वर्षांचा घोडा होतो. माफीही मागणार नाही. मागितली की ती द्यायचं काम पुन्हा भानुदासच्याच गळ्यात — पुरे झालं की त्याला.

तो व्हिडिओ मी कधी पुसला नाही. तीन मोबाइल बदलले, तिन्ही वेळा आधी तो पुढं नेला. का, ते मला विचारू नका. आज सुट्टीला गावी आलोय; सुनीता शेतातून आली की तिला दाखवणार, मग गावाच्या ग्रुपवर टाकणार. हसतील. हसण्यासारखाच आहे, शेळीसुद्धा दचकून पळालेली दिसते. मला नवं नाव पडेल. त्या कामात गाव कधी कमी पडलेलं नाही.

आणि पुढच्या पंगतीत खुर्ची आली नाही, तर उभ्यानं जेवीन.