चोरून न पिणारी गाडी

“माझी गाडी पिते, पण चोरून पीत नाही.”

थोरली हे वाक्य दिवसातून एकदा तरी बोलायचीच, कुणी विचारो न विचारो. पंपावर नळी टाकीत असताना बोलायची, स्टँडवर काच पुसताना बोलायची, आणि समोरच्यानं गाडीकडे बघून नुसते ओठ मुडपले तरी बोलायची. बोलताना तिचा पंजा गाडीच्या टपावर असायचा, एखाद्या दांडग्या लेकीच्या पाठीवर असावा तसा.

गाडी होतीच दांडगी. लांब, रुंद, करड्या रंगाची जुनी सेडान. स्टँडवरच्या बाकी गाड्या डब्यांसारख्या आखूड; त्यांच्या रांगेत ही उभी राहिली की कोंबड्यांत म्हैस बसल्यासारखी दिसे. म्हणून चालकांनी तिचं नावच म्हैस ठेवलं होतं. इंजिन फ्लेक्स-फ्युएलचं. पेट्रोल घाला, इथेनॉल घाला, दोन्ही कालवून घाला, कशालाच नाही म्हणायची नाही. फक्त पोटभर लागायचं.

“पंपवाल्यानं आत म्हशीचा फोटो लावलाय,” चष्मेवाला चालक सांगायचा. “रोज सकाळी हात जोडून म्हणतो, बाई, तूच माझी पोशिंदी.”

सगळे हसायचे. थोरलीही हसायची, आणि मग आपलं वाक्य म्हणायची. हसायचा नाही तो एकटा धाकटा. तो तिचा सख्खा भाऊ, आणि चालकांच्या सोसायटीचा सेक्रेटरी.

सोसायटीची रीत अशी होती, की इंधन सगळ्यांचं एकत्र. स्टँडला लागूनच साखर कारखान्याचा पंप होता. तिथलं इथेनॉल घ्यायचं, खर्च सामाईक पेटीतून द्यायचा, आणि उरेल ते सगळ्यांनी सारखं वाटून घ्यायचं. इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त, पण त्यावर गाडी पळते कमी. लहान गाड्यांना हा फरक सोसायचा. म्हशीला तो भारी पडायचा, आणि म्हशीला भारी पडला की सगळ्यांच्या वाट्याला पडायचा. चष्मेवाला विनोद करत होता ते काही गंमत म्हणून नव्हे. त्याच्या घरी खाणारी तोंडं बरीच होती आणि कमावणारा तो एकटा. हे धाकट्याला कळत होतं. थोरलीलाही कळत होतं. म्हणून तर पंपावरून परतल्याबरोबर टाकीत किती घातलं ते ती साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. बाकीचे आपापलं माप पुटपुटत सांगायचे.

काटकसरीत तिनं कसूर केली नव्हती. डिकीत जादा चाक आणि एक रिकामा डबा सोडून काही ठेवायची नाही. टायरमधली हवा ती चार घोट चहा पिण्याआधी बघायची, आणि चहाही घरचा, थर्मासमधला. लांबवर लाल दिवा दिसला की तिचा पाय अॅक्सिलरेटरवरून आधीच सैल व्हायचा. ब्रेक मारणं तिला ताटात अन्न टाकल्यासारखं वाटायचं. ऑइल बदलायचं तर धाकट्याचा जुना शर्ट घालून स्वतः गाडीखाली शिरायची. तरी टायर मोठे ते मोठेच, ऑइल जास्त ते जास्तच. अंगानं थोर असलेल्याला कितीही कमी वाढलं तरी लहान्याएवढ्यात त्याचं भागत नाही, तशातली गत.

ती गाडी तिनं का घेतली, हे धाकट्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या वडिलांची कंबर मोडली होती तेव्हा दोघांनी मिळून त्यांना एका आखूड भाड्याच्या गाडीत घातलं होतं. घातलं म्हणजे घडीच घातली. गुडघे हनुवटीला टेकलेले. धाकट्यानं डोकं धरलं होतं, थोरलीनं पाय. हॉस्पिटलपर्यंत वडील प्रत्येक खड्ड्याला नाकातून हवा सोडत राहिले. ते त्यातून उठले, पुढे काही वर्षं जगलेही; पण थोरलीच्या मनातून ती घडी गेली नाही. भाजीचा टेम्पो चालवता चालवता तिनं पैसा मागे टाकला आणि कारखान्याच्या मोठ्या साहेबांची जुनी गाडी विकायला निघाली तेव्हा घेतली. मागच्या सीटवर पहिल्यांदा ती स्वतः आडवी झाली. पाय पसरून, डोळे मिटून. मग उठून धाकट्याला म्हणाली, “मावतं माणूस.” धाकटा गाडी चालवायला शिकला तो त्याच गाडीवर, तिच्या शेजारी बसून, तिचे टोमणे खात.

तेव्हापासून ज्यांना वाकता येत नाही ती सगळी माणसं तिची. प्लॅस्टर घातलेली, टाके पडलेली, दिवस भरत आलेली. त्यांत सगळ्यांत जुने लेथवाले काका. कारखान्यात लेथच्या यंत्रावर जन्म गेला, आणि निवृत्तीच्या सुमारास उजवा पाय गुडघ्यात असा धरला की दांडक्यासारखा ताठ झाला. आठवड्याला हॉस्पिटलात मालिश आणि व्यायाम. मागच्या सीटवर पाय लांब टाकून, पाठ दाराला लावून ते बसायचे आणि रस्ताभर थोरलीच्या चालवण्यातल्या चुका काढायचे.

मग हॉस्पिटलानं पेशंटच्या ने-आणीसाठी सोसायटीला द्यायच्या भाड्याचे दर कमी केले, आणि सोसायटीच्या पेटीत उरेनासं झालं. बैठक बसली. चष्मेवाल्यानं सरळ मांडलं: प्रत्येक गाडीत इथेनॉलचं सारखं माप घाला, रिकाम्या गाड्या एकाच वाटेनं सोडा. पूल ओलांडून कारखान्याला वळसा, हॉस्पिटलावरून परत चढावर स्टँडपर्यंत. जी परत आली ती राहिली. जी वाटेत थांबली तिची सोसायटीची पाटी काढायची. सगळे थोरलीकडे न बघता हो म्हणाले. धाकट्यानंही मान हलवली. त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. ती ओट्याशी भांडी घासत होती. त्यानं किती तऱ्हेनं सांगून पाहिलं. गाडी विकू, त्यात आणखी घालू, लहान घेऊ. मीही हातभार लावतो. सगळ्यांबरोबर तुझीही मिळकत त्या टाकीत चाललीय. ती भांडं घासत राहिली.

“लहान गाडीत काका कसे बसतील?”

“काकांचं काका बघतील, ताई.”

“बाबांचं कुणी बघितलं होतं?”

धाकटा उठला. चपला घालताना त्याला वाटलं, हिला जिंकवणं एवढंच आता आपल्या हातात आहे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, ऊन उतरायच्या सुमारास, सगळ्या टाक्या रिकाम्या झाल्या. मापाचे डबे सोसायटीच्या शेडमध्ये रांगेनं उभे. इंधन भरायचं काम सेक्रेटरीचं. धाकट्यानं थोरलीला दमलीस म्हणून घरी लावून दिलं, एकेका टाकीत माप ओतलं, नळ्यांत नवं इंधन चढावं म्हणून इंजिनं थोडी चालवली, गेलं तेवढं पुन्हा भरलं. म्हशीची पाळी आली तेव्हा त्यानं कोपऱ्यातला वेगळा डबा घेतला. त्यात पेट्रोल होतं. तेवढ्याच मापात म्हैस चांगलीच लांब जाईल, चढ चढून वर येईल. घाईत ओतताना थोडं त्याच्या स्वेटरच्या बाहीवर सांडलं. किल्ल्या शेडमध्ये ठेवून त्यानं कुलूप लावलं.

सकाळी थंडी अशी, की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघावी. लहान गाड्या एकेक करून कुरकुरल्या, खोकल्या, सुरू झाल्या. थोरली आत बसली. किल्ली फिरवली. म्हैस पहिल्याच किल्लीला गुरगुरून उठली, अगदी स्वच्छ आवाजात.

“म्हातारी आज लवकर जागी झाली,” कुणीतरी म्हणालं.

थोरलीनं इंजिन बंद केलं. थोडा वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली. मग उतरली, टाकीचं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि झाकण तसंच उघडं ठेवून मागे सरली.

“हे काढा. यात पेट्रोल आहे.”

चष्मेवाला पुढे आला, त्यानंही वास घेतला. त्याचा चेहरा लालबुंद झाला. कुणी घातलं, असं त्यानं विचारलं, आणि विचारताना तो तिच्याकडेच बघत होता.

“मी घातलं असतं तर तुला हाक मारली असती का?” थोरली म्हणाली. “डबे दिसायला सारखेच. झाली असेल चूक. पण थंडीत इथेनॉलवर ही एका किल्लीत कधी उठलेली नाही. आधी खोकते, मग रुसते, मग उठते. अशी शहाण्यासारखी उठली म्हणजे पोटात दुसरंच काहीतरी आहे.”

“मावशी, गप बसली असतीस तर निघाली असतीस,” चष्मेवाला म्हणाला. त्याच्या आवाजातला राग आता जागेवर नव्हता.

“माझी गाडी पिते,” ती म्हणाली. पुढचं तिनं म्हटलं नाही. तिची नजर सगळ्यांवरून फिरली, आणि धाकट्यावरूनही फिरली, कुठे थांबली नाही.

चष्मेवाल्यानंच नळी लावून टाकी रिकामी केली, इथेनॉलचं माप भरलं, इंजिन चालवून पुन्हा मापात आणलं. धाकटा लांब भिंतीला टेकून उभा होता. त्याला जवळ जाववेना. तोवर बाकी लहान गाड्या गेलेल्या होत्या; चष्मेवालाही आपली गाडी काढून त्यांच्या मागे गेला. म्हैस खोकली, रुसली, उठली. थोरलीनं आरसा नीट केला आणि एकटीच निघाली.

लहान गाड्या एकामागून एक परत आल्या. चढाच्या माथ्यावर, स्टँडच्या तोंडाशी धाकटा उभा राहिला. तिथून पूल दिसायचा. त्यानं मनातल्या मनात तिच्याबरोबर सगळ्या वाटेनं गाडी चालवली. इथे पाय सैल केला असेल. इथे वेग न मोडता वळली असेल. तिच्याइतका हलका पाय साऱ्या स्टँडवर कुणाचा नव्हता. हे शिकवताना त्याच्या मांडीवर तिनं कितीदा फटका मारला होता. येईल, त्याला वाटलं. काठावर का होईना, येईल.

पुलावर करडा टप दिसला. संथ, एका लयीत. चढाला लागली. आणि मग धाकट्याला मागच्या दाराच्या काचेत पांढरं डोकं दिसलं. दाराला पाठ लावून बसलेलं.

“काका बसलेत आत,” चष्मेवाला शेजारी येऊन म्हणाला. “रिकामी आणायची होती ना?”

म्हैस अर्ध्या चढावर आली, एकदा हिसका खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि रस्त्याच्या कडेला सावकाश टेकून उभी राहिली. मागे घसरलीसुद्धा नाही. वरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर राहिलं होतं.

थोरली उतरली. मागचं दार उघडून काकांशी काही बोलली, चाकाखाली दगड लावला. मग टपावरची सोसायटीची पाटी तिनं स्वतःच सोडवली, काखेत मारली, डिकीतून रिकामा डबा घेतला आणि चढ चढत वर आली. धापा टाकत होती, पण मान खाली नव्हती.

“काकांना का घेतलंस?” धाकट्यानं विचारलं.

“हॉस्पिटलच्या थांब्यावर उभे होते.”

“आज परीक्षा होती, ताई.”

“त्यांचा पाय आज वाकणार होता का?”

तिनं पाटी त्याच्या हातात दिली.

“गाडी रिकामी फिरवून काय मोजता तुम्ही? माणसं उतरवली तर मग हातगाडी सगळ्यांत स्वस्त.” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, पंपावरून आल्यावर बोलायची तसंच. “तुमचा वाटा तुम्ही राखलात, त्यात वावगं काही नाही. उद्यापासून माझ्या टाकीचं माझं मी बघेन. हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी राहीन. स्टँड तुमचा आहे. रस्ता नाही.”

ती पंपावर गेली. स्वतःच्या कनवटीचे पैसे दिले, डबा भरून घेतला, किती घेतलं ते सवयीनं मोठ्यानं सांगितलं. कुणी हसलं नाही. चष्मेवाला पुढे झाला, डबा मी खाली आणतो म्हणाला. “राहू दे,” ती म्हणाली, “माझ्या म्हशीचं आहे.”

धाकट्याजवळून जाताना ती क्षणभर थांबली. आवाज उतरवून, ओट्याशी बोलावं तसं म्हणाली,

“स्वेटर भिजत घाल घरी गेल्यावर. बाहीचा वास अजून जात नाहीये.”

आणि ती उतार उतरू लागली. डब्याच्या वजनानं एका बाजूला थोडी कललेली, पण पाऊल मोजून टाकत, ब्रेक न लावता उतरावं तशी. खाली मागच्या दाराच्या काचेतून काका मान वळवून तिची वाट बघत होते, ताठ पाय सीटभर पसरून. वर स्टँडच्या तोंडाशी धाकटा पाटी छातीशी धरून उभा होता आणि तिच्या पाठीकडे बघत होता.