परत केलेला डबा

शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा आमच्या घरचा नियम मी अमेरिकेतही सोडला नव्हता. काही नसलं तर निदान चिमूटभर साखर तरी घालायची. या नियमापायी मी एका भल्या माणसाचा अंगठा घालवला. आणि त्यानंतर जे केलं, ते त्याहून वाईट होतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही ओहायोत, डब्लिनला राहत होतो. शेजारचे म्हातारबुवा चाळीस वर्षं लेथवर काम करून निवृत्त झालेले. भेटले की दोन्ही पंजे पसरून दाखवायचे, "चाळीस वर्षं, आणि बोटं दहाच्या दहा!" त्यांच्या बायकोनं पहिल्यांदा ॲपल पाय पाठवला, तेव्हा आम्ही ताटली शंकरपाळ्यांनी भरून परत केली. असं का, हे मी त्यांना मोठ्या अभिमानानं समजावून सांगितलं. ते हसून म्हणाले, "म्हणजे हे प्रकरण कधी संपणारच नाही!"

त्यांच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायचा प्रेस होता. दर शनिवारी मी त्यांच्याबरोबर शूटिंग रेंजवर जायचो, ते घरी भरलेली काडतुसं घेऊन आणि मी विकतची. माझी आई विकतच्या लोणच्याकडे ज्या नजरेनं बघायची, त्याच नजरेनं ते माझ्या खोक्याकडे बघायचे. "फॅक्टरी सगळ्यांसाठी बनवते," म्हणायचे, "मी माझ्या रिव्हॉल्व्हरसाठी बनवतो."

मला पटायला वेळ लागला नाही. नारळाची करवंटीसुद्धा फेकून न देणाऱ्या घरातला मी. एकदा झाडलेली पितळी पुंगळी टाकून द्यायची या कल्पनेनंच जीव हळहळायचा. मी जुना प्रेस घेतला आणि बेसमेंटमध्ये बसवला. पुंगळी साफ करायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टिकली, म्हणजे प्रायमर, बसवायचा, वजन करून बंदुकीची दारू घालायची, वरून गोळी दाबायची, हे सगळं त्यांनीच शिकवलं. दोन गोष्टी मात्र बोट रोखून बजावल्या. मध्येच उठावं लागलं, तर दारू घातलेल्या सगळ्या पुंगळ्या ओतून पहिल्यापासून सुरुवात करायची. आणि आपण भरलेलं काडतूस दुसऱ्याला द्यायचं नाही, दुसऱ्याचं आपण झाडायचं नाही. "तो काय ॲपल पाय आहे वाटायला?" मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोण धरणार!

एकदा त्यांनी मला पन्नास रिकाम्या पुंगळ्या दिल्या, त्यांच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून. म्हणाले, "पुंगळ्या ठेव, डबा तेवढा दे." झालं! डबा रिकामा कसा द्यायचा? त्यांचं आणि माझं रिव्हॉल्व्हर एकाच मापाचं. त्यांनी बजावलेलं आठवलं नाही असं नाही, पण आमच्या घरचा नियम मला मोठा वाटला. खरं सांगायचं तर, विद्यार्थ्याला शाबासकी हवी होती.

रविवारी सकाळी बेसमेंटमध्ये बसलो. अर्ध्या पुंगळ्यांत दारू घालून झाली असेल, तेवढ्यात बायकोनं वरून हाक मारली, "अहो, इंडियाचा कॉल आहे, पटकन या! लाइन कट होईल!" धावत गेलो. वडिलांशी चार वाक्यं ओरडून बोललो आणि खाली आलो, तर कुठपर्यंत आलो होतो तेच आठवेना. सगळं ओतून पुन्हा वजन करणं जिवावर आलं. टॉर्च मारून पुंगळ्यांत डोकावलो, सगळं सारखंच वाटलं. अंदाजानं पुढे भरत गेलो.

डबा द्यायला गेलो तेव्हा म्हातारबुवा घरी नव्हते. त्यांच्या बायकोनं तो घेऊन गॅरेजातल्या फळीवर ठेवला. डब्यावर त्यांच्याच अक्षरातली, त्यांनी भरलेल्या काडतुसांची जुनी चिठ्ठी होती, तशीच. आत काय आहे ते मी सांगितलं नाही. उघडतील तेव्हा चकित होतील, असं मला वाटलं होतं.

पुढच्या शनिवारी ते माझ्या शेजारच्याच लेनमध्ये उभे होते. चौथ्या बाराला त्यांचं रिव्हॉल्व्हर हातात फुटलं. लोक धावले, कुणी टॉवेल आणला, कुणी फोनकडे पळालं. मी टेबलावरचा डबा पाहिला. त्यांचे प्रायमर नेहमी रुपेरी असायचे. डब्यात राहिलेल्या काडतुसांचे पिवळे होते, म्हणजे माझे. मी झाकण लावलं आणि डबा त्यांच्या बॅगेत खाली सारला. एक माणूस रक्तबंबाळ होऊन पडला होता, आणि मला आधी हे सुचलं. याची लाज मला आजही वाटते.

डाव्या हाताचा अर्धा अंगठा गेला. हॉस्पिटलमध्ये ते सगळ्यांना सांगत होते, "चूक माझीच. वय झालं. एकाच पुंगळीत दोनदा दारू घातली असणार." त्यांनी काडतुसं भरणं बंद केलं, प्रेसवर जुनी चादर टाकली. त्यांची बायको त्यांच्यामागून गॅस तपासू लागली. मग तिनं कारच्या किल्ल्या आपल्याकडे घेतल्या. लेथवर इंचाच्या हजाराव्या भागाचीही चूक न करणारा माणूस बघता बघता घरात विसराळू म्हातारा ठरला.

मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा आणि सॉरी म्हणा. ते काय तुमच्यावर केस करणार आहेत?" मी म्हटलं, सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू होऊ दे. इंटरव्ह्यू झाला. मग म्हटलं, शपथ होऊ दे. तीही झाली. नंतर बायकोनं विचारणं सोडलं, आणि तिनं विचारणं सोडलं याचं मला बरं वाटलं, इतका मी कोडगा झालो होतो.

दोन वर्षांनी मला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला नोकरी लागली. सामानाचा ट्रक दारात उभा असताना म्हातारबुवा अंगणातून चालत आले. हातात तोच प्लास्टिकचा डबा. मी उघडला, आत पन्नास काडतुसं होती, कोरी करकरीत, फॅक्टरीची.

"रिकामा परत करायचा नसतो ना?" ते म्हणाले. "तुझे प्रायमर पिवळे होते. हॉस्पिटलातून आलो त्याच दिवशी पाहिलं."

मी झाकण लावलं. कसंबसं विचारलं, "मग घरी का नाही सांगितलंत?"

"ते तू सांगायचं होतंस," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो."

तेवढ्यात त्यांची बायको लगबगीनं आली आणि तिनं त्यांचा दंड धरला. मला म्हणाली, "एकटेच निघून आले, बघ. हल्ली यांच्या काही लक्षात राहत नाही रे."

म्हातारबुवांनी माझ्याकडे पाहिलं. चूक त्यांची नव्हती, माझी होती, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. मी तिला म्हणालो, "काळजी घ्या त्यांची."