दारातला प्रश्न

कचेरीत तिला सगळे उंबरठाबाई म्हणत, आणि तिला ते नाव मनातून आवडायचं. बातमी काढायची तिची हातोटीच तशी होती. समोरच्याशी इकडचं तिकडचं बोलायचं, वही मिटायची, पेन पर्समध्ये टाकायचं, चपला घालायच्या आणि दारात वळून, आता आठवलं म्हणून, खरा प्रश्न विचारायचा. पेन आत गेलं की माणसाची जीभ सैल सुटते. भलेभले साहेब त्या दारात घसरले होते.

ही विद्या तिची स्वतःची नव्हती. शाळेत असताना ताई तिला सिनेमाला घेऊन गेली होती. ताईला बघायचा होता प्रेमाचा सिनेमा; तिकडे हाउसफुल्ल, म्हणून समोरच्या थिएटरात वर्तमानपत्राच्या सिनेमावर भागवावं लागलं. त्यातला मळक्या कोटातला बातमीदार दारात वळून एका कारकुनाला प्रश्न विचारतो, कारकून बोलून जातो आणि मंत्र्याची खुर्ची जाते. ताईने अर्धा सिनेमा जांभया देत काढला. धाकटी मात्र घरी आली ती बातमीदार होऊनच. पुढे वडील 'बँकेत चिकट' म्हणून हात धुऊन मागे लागले, तेव्हा तिची बाजू ताईनेच लावून धरली होती.

ताई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी उकळायचा बॉयलर बंद पडलाय आणि रोग्यांच्या अंगावर पुरळ उठतंय, अशी कुणकुण लागली तेव्हा धाकटी तिच्याकडे गेली.

"माझ्या पोटावर पाय आणू नकोस बाई," ताई म्हणाली. "चहा घे."

तिने चहा घेतला, पेन पर्समध्ये टाकलं, चपला घातल्या आणि दारात वळली. "बातमीचं राहू दे. पण बॉयलर कधीपासून बंद आहे गं?"

"मुलांची परीक्षा सुरू झाली ना, तेव्हापासून." बहिणीला सांगायला कसली आलीय भीती.

बातमीत ताईचं नाव नव्हतं. पण संपादक म्हणाले, नुसतं 'एक कर्मचारी' फिकं वाटतं, जरा वजन द्या. तिने 'तिथे अनेक वर्षं काम करणारी महिला' असं केलं. धुलाईघरात बाई एकच होती. बातमी गाजली, बॉयलर दुरुस्त झाला आणि ताईला घरी बसवलं.

ताई कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं. धाकटीला घास गोड लागेना. बरे झालेले रोगी आठवून ती मनाची समजूत घालू बघायची, पण मन काही ऐकायचं नाही. तिला स्वतःची लाज वाटत होती.

मग एका रविवारी दुपारी ताईचाच फोन आला. "तुझा सिनेमा लागतोय टीव्हीवर. ये."

दाराचा प्रसंग आला की बातमीदाराच्या आधी त्याचं वाक्य म्हणून टाकायची धाकटीची जुनी खोड. आज तिने मान खाली घातली. शेवटी छपाईयंत्रं धडधडली, ताजे अंक बाहेर पडले, सिनेमा संपला.

"त्या कारकुनाचं पुढे काय झालं गं?" ताईने विचारलं.

"ते दाखवत नाहीत."

इतक्यांदा पाहूनही हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. "ताई, माझं चुकलं. घाईत लिहून गेले. बाई तू एकटीच आहेस हे लक्षातच आलं नाही."

"असेल," ताई म्हणाली आणि कपबशा उचलू लागली. मग मुलांच्या अभ्यासाचं बोलणं निघालं, गुडघ्यांचं निघालं. ताई हसलीसुद्धा. धाकटीच्या जिवात जीव आला. ती उठली, चपला घातल्या, दार उघडलं.

"बरं, ऐक," ताई मागून सहज म्हणाली. "ते 'महिला' लिहिताना खरंच लक्षात आलं नव्हतं?"

"आलं होतं," ती बोलून गेली.

ताईने सोफ्यावर राहिलेली तिची पर्स आणून तिच्या हातात दिली आणि दार लोटून घेतलं.