मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित तुमच्याजवळ बोलता येईल — बघतो, जमतं का.

मी परभणीचा. एका सरकारी कचेरीत कारकून. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकली चालवून बघायच्या आणि त्या कशा आहेत ते व्हिडिओ करून लोकांना सांगायचं, हा माझा नाद. इतर लोक गाडीवर बोलतात ते अर्धं इंग्रजीत. मी आपलं सरळ बोलायचो — ‘लय जड हाय गाडी, पाय टेकत न्हाईत.’ जिंतूर, मानवत, सोनपेठकडची माणसं मला तोंडावरून ओळखायला लागली. गाडी घेण्याआधी फोन करायला लागली. मला ते आवडायचं. किती आवडायचं, हे कळल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही.

मग एका कंपनीची लांब पल्ल्याची गाडी आली. फार मोठी नाही, रोजच्या वापराची छोटीही नाही — मधल्या ताकदीची, आणि नोकरदार माणसाला परवडेल अशी. कंपनीनं ती काही दिवस चालवून बघायला थेट माझ्याकडे पाठवली. परभणीला! गल्लीतले लोक बघायला आले. फोनवर त्यांचा माणूस म्हणाला, काम चांगलं झालं तर पुढच्या गाडीच्या वेळी तुम्हाला हिमाचलला बोलावू. काम चांगलं होणं म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गाडीत चांगलं बरंच होतं, हे खोटं नाही. इंजिन मऊ. दिवसभर चालवली तरी कंबर धरत नव्हती. पेट्रोल बेतानं पीत होती. राहिलं होतं फक्त डबलसीटचं. बायको बसायला तयार नव्हती, म्हणून मी मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं बांधलं, दोन्ही बाजूच्या आणि मागची अशा सामानाच्या सगळ्या पेट्या भरल्या आणि जिंतूर रस्त्याला लागलो. काटा शंभरच्या पुढं गेला आणि —

थांबतो जरा.

हँडल थरथरायला लागलं. आधी बारीक, मग असं की हातात ठरेना. मागचं अंग डावीकडं-उजवीकडं झोल खायला लागलं. मी वेग कमी केला तर ते आधी वाढलं, मग हळूहळू गेलं. एका कपाशीच्या शेताकडेला गाडी उभी केली. उतरून आधी कॅमेरा बघितला. कॅमेऱ्यात सगळं आलं होतं, माझ्या तोंडून निघालेली शिवीसुद्धा.

मी काय म्हणालो स्वतःला? पोतं सरकलं असेल. टायरात हवा कमी असेल. रस्ता तसा असेल. मग पोतं नीट बांधून, हवा तपासून पुन्हा चालवायला काय हरकत होती? चालवली नाही. कारण दुसऱ्यांदाही तसंच झालं असतं, तर ते सांगावं लागलं असतं. घरी येऊन तेवढा तुकडा पुसला आणि व्हिडिओत म्हणालो, ‘डबलसीट, पेट्या भरून — गाडी दगडावानी बसती रस्त्यावर.’

भास्कर माझा जिंतूरच्या वसतिगृहातला दोस्त. सोनपेठकडं शाळेत मास्तर. तो आणि सुनंदावहिनी दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, बसनं, उभ्यानं. त्यांची लेक प्राची नांदेडला शिकायला गेली होती. घर रिकामं झालं होतं, आणि भास्करच्या डोक्यात होतं की आता दोघांनी गाडीवर फिरायचं. व्हिडिओ बघून दोघं माझ्या घरी आले. भास्करनं विचारायचं ते विचारलं. चहा पिऊन झाल्यावर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमी सगळे चालवणाराचंच सांगता. मागं बसणाराला कसं वाटतंय, ते कुणीच सांगत न्हाई.”

बघा, इतकं नेमकं मला कुणीच विचारलं नव्हतं. शेताकडेला उभी केलेली ती गाडी मला समोर दिसली. एक वाक्य पुरलं असतं — पेट्या भरून जोरात पळवू नका. गाडी घेऊ नका असंसुद्धा म्हणायची गरज नव्हती.

“पाळण्यात बसल्यावानी, वहिनी,” मी म्हणालो.

त्या हसल्या. माझी बायकोही हसली. तिला तर माहीत होतं ती मागं बसलेली नाही, पण तिला वाटलं मी दुसऱ्या कुणाला तरी बसवलं असेल.

त्यांनी गाडी घेतली आणि दसऱ्याला पेट्या भरून नागपूरला निघाले. हिंगोली सोडून वाशिमच्या रस्त्याला एका उतारावर गाडी पडली. वहिनी जागीच गेल्या.

तुम्हाला वाटेल, कबूल करायचं ते हेच. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. पण हे नाही. म्हणजे हेही आहे, पण —

भास्करला नांदेडला दवाखान्यात ठेवलं होतं. खांद्याचं हाड मोडलं होतं. मी गेलो तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. छताकडं बघत तो म्हणाला, “ट्रकच्या पुढं काढायला वेग वाढवला रे. तर हँडल हातात ठरंना. शेपूट हलवल्यावानी हलायला लागली गाडी. असं कशानं होतंय? तुला यातलं कळतंय, सांग.”

त्यानं माझ्यावर आळ घेतला नव्हता. त्याच्या मनातही तसं नव्हतं. तो फक्त विचारत होता. आणि मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, नाही का? ‘मला न्हाई सांगता येत’ म्हणालो असतो तरी चाललं असतं.

मी म्हणालो, “घाबरून पुढचा ब्रेक दाबला असशील तू.”

छतावरची नजर त्यानं माझ्याकडं वळवली. मग म्हणाला, “दाबला असंल. आठवत न्हाई. दाबलाच असंल.”

हे आहे ते.

भास्करनं ते वाक्य घेतलं आणि स्वतःचं केलं. सासऱ्यांना त्यानं हेच सांगितलं, प्राचीलाही हेच — माझ्या हातून गेली तुझी आई. प्राची बापाशी बोलेनाशी झाली. वर्षश्राद्ध वगैरे ते करत नाहीत, पण आठवणीचा कार्यक्रम होता, त्याला ती आली ती मामाकडून, आणि जेवली नाही. मांडवाच्या कडेला मला एकटीनं गाठून तिनं विचारलं, “काका, बाबा म्हणतात ते खरंय ना? त्यांचीच चूक होती ना?”

पुन्हा एक संधी, आयती. मी मान हलवली. होकारार्थी.

आणि हिमाचलला मी गेलो. अपघातानंतर. तिथं फोटो काढले. ते फोटो भास्करनं बघितले असतील का, एवढा विचार मात्र केला. व्हिडिओ पुढं काढून टाकला, कारण कुणाला सांगितलं नाही. ती गाडी अजून विकली जाते. आपल्या भागात दिसते. मागच्या सीटवर बायका असतात, कुणाच्या मांडीवर लेकरू असतं. मी बघतो आणि जातो.

परवा कामानिमित्त मानवतला गेलो होतो. बसस्टँडसमोर सिग्नलवर असते तशी गर्दी, त्यात भास्कर उभा. आता तो कुठंही बसनंच जातो. हात उचलून त्यानं मला थांबवलं. खांदा अजून पुरता वर जात नाही त्याचा. मी हेल्मेट काढलं. त्यानं माझ्या गाडीवरून एकदा नजर फिरवली आणि टाकीवर हात ठेवला.

“हळू चालवत जा,” तो म्हणाला. “माझ्यासारखं करू नको.”

मी म्हणालो, “बरं.”